पटासमोरची जागा

सन २०२५ च्या जुलै महिन्याची २८ तारीख सोमवारची होती, आणि श्रावणातला तो पहिलाच सोमवार असल्यामुळे नागपुरातल्या लहानमोठ्या शिवालयांतून सकाळपासून बेलाच्या पानांची रास पडत होती. दुपार कलली, साडेचार वाजले, आणि ज्या घरांतला बुद्धिबळाचा पट एरवी माळ्यावर धूळ खात पडलेला असतो त्या घरांतूनही माणसे हातातल्या मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर एक पट न्याहाळू लागली. तो पट काळ्या समुद्राच्या काठी, जॉर्जिया देशातल्या बातुमी नावाच्या बंदरात मांडलेला होता. त्याच्या एका बाजूला अडतीस वर्षांच्या कोनेरू हंपी बसल्या होत्या, ज्यांनी ग्रँडमास्टर हा किताब मिळवला तेव्हा समोर बसलेल्या मुलीचा जन्मही झाला नव्हता. आणि दुसऱ्या बाजूला होती नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, दोन्ही दावेदार भारतीय, आणि आदल्या दोन दिवसांचे दोन्ही डाव बरोबरीत सुटलेले. त्या संध्याकाळी जलद डावांचा निकाल लागला, हंपींनी पराभव मान्य करून हात पुढे केला, आणि थोड्याच वेळात त्या मुलीला अश्रू आवरेनात; बाहेर उभ्या असलेल्या आईच्या मिठीत ती शिरली तेव्हा जगज्जेत्यांच्या मुद्रेवर जो एक तयार आविर्भाव असतो त्याचा मागमूसही तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

दुसरा दिवस नागपंचमीचा. ज्या शहराला नाग नदीवरून नाव मिळाले असे आपण मानतो, त्या शहराच्या प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्या सकाळी तिचे छायाचित्र होते. चोवीस दिवसांच्या एका स्पर्धेने एका मुलीचे नाव देशभर नेले, हे खरेच. परंतु या यशाचा इतिहास लिहावयाचा तर तो चोवीस दिवसांत मावत नाही, तिच्या एकोणीस वर्षांतही मावत नाही. पटासमोरच्या ज्या खुर्चीवर ती त्या सोमवारी बसली होती, ती खुर्ची आपल्याकडच्या मुलींना केव्हा आणि कोणत्या झगड्याने मिळाली, हे सांगितल्यावाचून बातुमीची हकिगत अपुरी राहते, असे मला मनापासून वाटते.

बुद्धिबळ महाराष्ट्राला नवे नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला असलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या पंडिताने ‘विलासमणिमंजरी’ हा या खेळावरचा संस्कृत ग्रंथ रचला, आणि पेशवाई अजून उभी असतानाच, १८१४ साली, त्याचा इंग्रजी अवतार मुंबईत छापला गेला. पण त्या पटाकडे जरा निरखून पाहावे. युरोपात राजाच्या शेजारी राणी उभी असते आणि ती साऱ्या पटावर सत्ता गाजवते. आमच्या पटावर त्याच घरात वजीर उभा आहे. राजा, वजीर, उंट, घोडे, हत्ती, प्यादी, अशी ती दरबाराची आणि छावणीची मांडणी. आमच्या पटावर स्त्री नव्हती, आणि पुष्कळ काळपर्यंत पटासमोरही नव्हती.

ती आली ती मुंबईतून, आणि एकदम तिघी आल्या. ‘नवाकाळ’कार नीळकंठ खाडिलकर यांच्या कन्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींनी, १९७४ साली भारतात महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाल्यापासून जवळजवळ एक दशकभर ते अजिंक्यपद घराबाहेर जाऊ दिले नाही. कोणत्याही देशाच्या, कोणत्याही खेळाच्या इतिहासात अशी नोंद सहसा सापडायची नाही, आणि तरीही आज या तिघींची नावे किती मराठी घरांत ठाऊक आहेत, हा विचार मनाला बोचतो. यांतली धाकटी रोहिणी. १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास उतरली तेव्हा तिच्या बसण्यालाच हरकत घेण्यात आली. तेरा वर्षांच्या मुलीने पुरुषांशी प्यादी हलवावीत की नाही हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे तिच्या बाजूने निकाल झाला, आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे, जे स्वतः एके काळचे जगज्जेते होते, त्यांनी राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही असा निर्वाळा दिला. पुढे १९८१ साली रोहिणी आशियाई विजेती झाली. तिच्यामागून भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनी तो वारसा चालवला. २००९ मध्ये पुण्याची सौम्या स्वामीनाथन वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली. वाट मळत गेली ती अशी, एकेका पावलाने.

विदर्भाचा भाग मात्र या वाटेवर बराच काळ अनुपस्थित होता. मुंबई-पुण्याकडे जे क्लब होते, ज्या स्पर्धा होत्या, ज्या अनुभवी खेळाडूंशी संध्याकाळी चार डाव खेळता येत, ते नागपूरच्या वाट्याला फार उशिरा आले. येथे एका गोष्टीची मला नेहमी गंमत वाटते, आणि ती मी पुराव्यानिशी नव्हे, केवळ एक नागपूरकर म्हणून सांगतो: वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांना जाऊन भिडतो, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रेही फिरकत नाही, आणि वाळ्याचे पडदे वा कूलर लावलेल्या अंधाऱ्या खोलीत मुलांना पाच-पाच तास बसवून ठेवायचे कसे हा प्रश्न आमच्या प्रत्येक आईपुढे येतो. अशा दुपारी ज्या शहरात घरोघर येतात, ते शहर बुद्धिबळाचे व्हायला हवेच होते. ते झालेही. २०१९ मध्ये अवघ्या तेरा वर्षांचा रौनक साधवानी ग्रँडमास्टर झाला, २०२१ मध्ये संकल्प गुप्ता झाला, आणि देशाच्या बुद्धिबळाच्या नकाशावर नागपूर हे नाव ठळक उमटले.

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा. आई-वडील दोघेही डॉक्टर. थोरली बहीण बॅडमिंटन शिकावयास जात असे आणि ही तिच्याबरोबर. पण रॅकेट तिच्या त्या वेळच्या चणीला पेलण्यासारखी नव्हती आणि जवळच बुद्धिबळाचा वर्ग भरत होता, म्हणून वयाच्या पाचव्या वर्षी ती पटासमोर बसली. एखाद्या हातात रॅकेट बसली नाही म्हणून प्यादे आले, इतक्या साध्या कारणाने माणसाच्या आयुष्याची दिशा ठरते. तिला पहिले धडे दिले ते राहुल जोशी या नागपूरच्या प्रशिक्षकाने. ही मुलगी ग्रँडमास्टर होईल हे ज्यांनी फार आधी मनाशी धरले होते त्यांत ते अग्रणी होते. पण काळाने त्यांना अकालीच नेले, आणि जो दिवस पाहण्याची त्यांना उत्कंठा होती तो त्यांच्या पश्चात उगवला. बातुमीहून परतल्यावर दिव्याने आपला किताब त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. पहिला गुरू हा बहुधा असाच असतो. पुढे शिष्य ज्या उंचीवर जातो तेथे त्याचे तंत्र कामाला येत नाही, तेथे चेन्नईच्या आर. बी. रमेश यांच्यासारखे जाणकार लागतात. परंतु पट हा भिण्याचा नव्हे, हवासा वाटण्याचा पदार्थ आहे, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलीच्या मनात कोणी तरी प्रथम रुजवावी लागते, आणि ते काम नंतर कोणालाच करता येत नाही.

त्यानंतरच्या वर्षांचा आलेख भराभर चढतो. २०१२ मध्ये सात वर्षांखालील मुलींचे राष्ट्रीय अजिंक्यपद. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन येथे दहा वर्षांखालील आणि २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद. शाळा भवन्सची, मुक्काम नागपूरचा, आणि सामानात वह्या-पुस्तकांबरोबर पट. करोनाच्या वर्षी, २०२० साली, संगणकावर झालेल्या ऑलिंपियाडमध्ये रशियासह संयुक्त विजेता ठरलेल्या भारतीय संघात ती होती. २०२१ मध्ये तिला वूमन ग्रँडमास्टर किताब मिळाला. २०२२ मध्ये भुवनेश्वर येथे ती राष्ट्रीय विजेती झाली, आणि पुढच्या खेपेला कोल्हापुरात तिने ते पद राखले. ज्या पदावर कधी काळी खाडिलकर भगिनींची नावे ओळीने लिहिली गेली होती, त्याच पदावर करवीरनगरीत एका वऱ्हाडी-नागपुरी मुलीचे नाव चढले.

त्याच २०२२ साली चेन्नईजवळ मामल्लपुरम येथे बुद्धिबळ ऑलिंपियाड भरले. दिव्या भारताच्या दुसऱ्या संघात राखीव खेळाडू होती आणि राखीव पटावरचे वैयक्तिक कांस्यपदक तिने मिळवले. पण त्या स्पर्धेतले जे दृश्य मला विसरता येत नाही ते दुसरेच आहे. भारताच्या पहिल्या संघातल्या द्रोणवल्ली हरिका तेथे नवव्या महिन्याच्या गर्भवती असताना पटासमोर येऊन बसत होत्या. जी जागा मिळविण्यासाठी १९७६ साली वकील उभे करावे लागले, ती जागा सोडायची नाही असा निर्धार करून एक स्त्री तेथे बसली होती. आणि दुसऱ्या संघाच्या टेबलावरून सोळा वर्षांची एक मुलगी तेथेच वावरत होती, जी तीन वर्षांनी बातुमीत त्याच हरिकांना हरवणार होती.

२०२३ मध्ये दिव्याने अल्माटी येथे आशियाई अजिंक्यपद जिंकले. परंतु जाणकारांनी तिच्याकडे वळून पाहिले ते त्या वर्षीच्या कोलकात्याच्या स्पर्धेत. टाटा स्टीलच्या त्या जलद स्पर्धेतल्या महिला गटात जगज्जेती जू वेन्जुन होती, हंपी होत्या, आणि मानांकनाच्या यादीत सर्वांत तळाला दिव्याचे नाव होते. स्पर्धा संपली तेव्हा ते नाव सर्वांत वर होते आणि जगज्जेती दुसरी. मानांकन म्हणजे खेळाडूच्या गतकाळाचा दप्तरी उतारा होय. तो कालपर्यंतचा हिशेब चोख सांगतो आणि उद्याबद्दल मौन धरतो. वाढत्या वयाच्या खेळाडूला तर हा उतारा नेहमीच अपुरा पडतो, कारण लिहिणाऱ्याची शाई वाळण्यापूर्वी खेळाडू पुढे गेलेला असतो. दिव्याच्या बाबतीत हे पुनःपुन्हा घडले, आणि म्हणूनच पुढे बातुमीच्या विजयाला ज्यांनी दैवाचा कौल म्हटले त्यांनी कोलकाता आठवून पाहावे.

आता जानेवारी २०२४ च्या प्रसंगाकडे येतो, आणि येथे मी मुद्दाम थांबणार आहे. नेदरलँड्समधले वाइक आन झी हे समुद्रकाठचे गाव बुद्धिबळाच्या जगात पुण्यक्षेत्रासारखे आहे. तेथल्या चॅलेंजर्स गटात दिव्या खेळली. गुणतक्त्यात तिचे स्थान खालच्या भागात राहिले. तरी काही डाव तिने असे खेळले होते की त्यांचा तिला स्वतःला अभिमान होता. स्पर्धा संपल्यावर तिने समाजमाध्यमावर एक निवेदन लिहिले. प्रेक्षक आपल्या डावांविषयी बोलत नाहीत, आपला पोशाख, केस, उच्चार अशा अप्रस्तुत गोष्टींविषयी बोलतात. पुरुष खेळाडूच्या वाट्याला हे येत नाही, त्याचे मोजमाप त्याच्या खेळावरून होते. आणि ही गोष्ट आपण लहानपणापासून सोसत आलो आहोत, असा तिच्या कैफियतीचा आशय होता. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

या निवेदनाचे वजन किती होते हे समजण्यासाठी अठराव्या वर्षी आपण काय काय गिळून गप्प बसलो हे प्रत्येकीने, आणि प्रत्येकानेही, आठवावे. खेळाडू तरुण असतो तेव्हा त्याला सर्वांत स्वस्त पडणारा मार्ग मौनाचा असतो. पुरस्कर्ते, संघटना, आयोजक, प्रेक्षक या सर्वांची मर्जी राखावी लागते, आणि ज्याचा निकाल अलीकडेच उतरता लागला आहे त्याने तक्रार केली तर ती पराभवाची सबब ठरवली जाते. दिव्याने नेमक्या तशाच वेळी तोंड उघडले. रोहिणी खाडिलकरला पटासमोर बसू द्यायचे की नाही हा १९७६ चा वाद होता. अठ्ठेचाळीस वर्षांनी बसू देण्याचा वाद उरला नव्हता. बसलेल्या मुलीकडे कोणत्या नजरेने पाहायचे हा उरला होता. पहिला वाद न्यायालय मिटवू शकले. दुसऱ्याची दरखास्त कोणत्याही कचेरीत दाखल करता येत नाही, म्हणून ती तिने थेट लोकांपुढे ठेवली.

मग तिने डाव खेळण्यास आरंभ केला, आणि २०२४ चे उरलेले वर्ष तिने पूर्णपणे आपले करून घेतले. जूनमध्ये गांधीनगर येथे वीस वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेत अकरा फेऱ्यांत १० गुण, एकही पराभव नाही. हंपी, हरिका आणि सौम्या यांच्यानंतर हे पद मिळविणारी ती चौथी भारतीय. सप्टेंबरात बुडापेस्ट येथे ऑलिंपियाड झाले. पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे भारतीय महिला संघाचे कर्णधार होते. हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका अग्रवाल आणि तानिया सचदेव अशी ती पाचजणींची सेना. तिसऱ्या पटावर दिव्याने अकरा डावांत ९.५ गुण मिळवले, येथेही ती अपराजित राहिली, आणि अखेरच्या फेरीत अझरबैजानवरच्या विजयात तिचाही डाव जिंकलेला होता. भारतीय महिलांचे ते ऑलिंपियाडमधले पहिले सुवर्णपदक; दिव्याला वैयक्तिक सुवर्णपदक निराळे. एका मराठी कर्णधाराच्या हाताखाली एका मराठी मुलीने हे साधावे याचे सुख मला लपवता येत नाही.

बातुमीची हकिगत आता सांगतो. जॉर्जिया ही स्त्रियांच्या बुद्धिबळाची मातृभूमी म्हणावी अशी आहे. नोना गाप्रिंदाश्विली आणि माया चिबुर्दानिद्झे या दोन जगज्जेत्या त्याच भूमीच्या, आणि ग्रँडमास्टर किताब मिळविणारी जगातली पहिली स्त्री म्हणजे ही नोनाच. तेथे जुलैच्या आरंभी १०७ खेळाडू जमल्या. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे टेनिसच्या मोठ्या स्पर्धा चालतात तशी: हरलेली घरी, जिंकलेली पुढच्या फेरीत. त्याच सुमारास लंडनला विंबल्डन रंगले होते. १२ जुलैला तेथे महिलांचा अंतिम सामना इगा स्वियातेकने ६-०, ६-० असा ५७ मिनिटांत संपवला आणि साऱ्या जगाने तो पाहिला. बातुमीत त्याच दिवशी तिसरी फेरी सुरू होत होती, आणि नागपूरबाहेर फारच थोड्यांना तिची खबर होती. टेनिसच्या विजेतीची कीर्ती चेंडूच्या वेगाने जाते. बुद्धिबळपटूची कीर्ती कासवाच्या पावलांनी येते, कारण तिचा पराक्रम डोळ्यांना दिसत नाही. तो पाहण्यासाठी पाहणाऱ्यालाही थोडे बसावे लागते.

दिव्याला पंधरावे मानांकन होते. पहिल्या फेरीत तिला खेळावे लागले नाही. पुढच्या दोन फेऱ्या तिने फारशी तोशीस न पडता ओलांडल्या. चौथ्या फेरीत गाठ पडली ती दुसरे मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनर हिच्याशी. नियमित डावांत बरोबरी झाली आणि टायब्रेकमध्ये दिव्याने सामना २.५–१.५ असा जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलेल्या आठजणींत चार भारतीय होत्या: हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या. तेथे दिव्यासमोर हरिका आल्या; दोन डाव बरोबरीत, आणि मग जलद डावांत दोन्ही विजय दिव्याचे. उपांत्य फेरीत समोर होती तान झोंगयी, एके काळची जगज्जेती. पहिला डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्याने १०१ चालींपर्यंत तिचा पिच्छा पुरवला आणि तो डाव जिंकला. १०१ चाली म्हणजे कित्येक तासांचे बसणे. त्यात एका क्षणाची ढिलाई झाली तर मागच्या शंभर चाली व्यर्थ. असा डाव केवळ बुद्धीने जिंकता येत नाही, त्याला आसनाची सिद्धी लागते. वैशाखातल्या दुपारींचा मी मघाशी उल्लेख केला तो उगाच नव्हे.

अंतिम सामन्याला दोन्ही खुर्च्यांवर भारतीय स्त्रिया बसल्या. कोणीही जिंकले तरी विश्वचषक प्रथमच भारतात येणार हे आधीच ठरले होते. हंपी यांच्याविषयी येथे आदराने लिहिले पाहिजे. २००२ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेल्या या पहिल्या भारतीय महिलेने, विवाह आणि मातृत्व यांच्यानंतर पटाकडे परत येऊन २०१९ आणि २०२४ अशी दोन वेळा जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवले. दिव्याच्या पिढीतल्या मुली ज्या दारातून आत आल्या त्या दाराची चौकट हंपींनीच रुंद केली होती. २६ जुलैच्या पहिल्या डावात दिव्याकडे विजयाची स्थिती होती, पण तिला ती साधली नाही. एखादी दुसरी खेळाडू त्या रात्री हळहळत बसली असती. दुसरा डावही बरोबरीत गेला, आणि मग तो सोमवार उजाडला.

जलद डावांपैकी पहिला बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. घड्याळातला वेळ सरत आला तसा हंपींचा अंदाज चुकला आणि पारडे झुकले. पण अजून ते स्थिर नव्हते. हाताशी आलेला विजय एकदा दिव्याच्या हातून निसटला, हंपींना बरोबरीची वाट दिसली, आणि वेळेच्या टंचाईत तीही हुकली. सामन्यानंतर, डावाच्या अखेरच्या टप्प्याचा आपण आणखी अभ्यास केला पाहिजे, असे दिव्या स्वतःच म्हणाली. विश्वचषक हातात आल्यानंतर पहिल्या तासाभरात ज्या मुलीला आपल्या उणिवेचा उच्चार करावासा वाटतो, तिच्याविषयी शहराने निश्चिंत राहावे असे मला वाटते.

या विजयाबरोबर तिला ग्रँडमास्टर किताब बहाल झाला, आणि त्याची रीत जाणण्यासारखी आहे. हा किताब सामान्यतः तीन ‘नॉर्म’ आणि २५०० चे मानांकन यांच्या पायऱ्या चढून मिळतो. दिव्याजवळ यांतले काहीच नव्हते. आपण येथे एखादा नॉर्म मिळावा एवढ्याच आशेने आलो होतो असे तिने सांगितले. महिला विश्वचषकाच्या विजेतीला हा किताब थेट देण्याचा नियम आहे, त्या नियमान्वये ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, आणि हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची चौथी भारतीय महिला. पायऱ्या न चढता ती माडीवर पोहोचली असे कोणी म्हणेल. मी असे म्हणेन की झू, हरिका, तान आणि हंपी या चार पायऱ्यांहून उंच पायऱ्या त्या वर्षी जगात कोणत्याच जिन्याला नव्हत्या.

महिनाअखेरीस ती रात्री सोनेगावच्या विमानतळावर उतरली तेव्हा हारतुरे, ढोल आणि लहान मुलांची झुंबड तिची वाट पाहत होती. राज्य शासनाने तिला ३ कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तिचा नागपुरात सत्कार झाला. त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई, जे आपल्या अमरावतीचे, ते तिचे कौतुक करण्यासाठी तिच्या घरी गेले. एका मुलीच्या खेळण्याच्या हक्कासाठी न्यायालयाकडे जावे लागले होते त्याला तेव्हा पन्नास वर्षेही झाली नव्हती, आणि आता देशाचे सरन्यायाधीश आपण होऊन एका बुद्धिबळपटू मुलीच्या दारी आले होते. योगायोगच तो, पण इतिहास लिहिणाऱ्याने काही योगायोगांपुढे क्षणभर थांबावे.

सत्काराचे हार सुकण्यापूर्वीच ती पुन्हा पटावर बसली. सप्टेंबरात समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत तिने महिलांच्या गटाऐवजी खुल्या गटात नाव घातले, आणि तेथे जगज्जेता गुकेश याच्याशी तिचा डाव बरोबरीत सुटला. नोव्हेंबरात गोव्यात खुल्या गटाचा विश्वचषक भरला. जागतिक संघटनेने दिव्याला त्यात विशेष प्रवेश दिला. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या ग्रँडमास्टरकडून ती हरली आणि स्पर्धेबाहेर गेली. त्या स्पर्धेच्या यादीत २०६ खेळाडू होते. त्यांत नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव घालण्यासाठी कोणालाही न्यायालयाची पायरी चढावी लागली नव्हती.